भरून ठेवायची की कोरडी

गाडी ठेवायच्या दोन रीती आहेत. गेली बावीस वर्षं त्या लोकांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे.

माझं दुकान छोट्या इंजिनांचं. गवत कापायची यंत्रं, फवारणीचे पंप, जनरेटर, स्कूटरी. ही यंत्रं कामाने बिघडतात त्याहून जास्त नुसती पडून बिघडतात, हे कोणाला पटत नाही. ‘अहो, सहा महिने हातसुद्धा लावला नाही!’ असं माणूस अगदी कौतुकाने सांगतो. हात लावला नाही म्हणूनच आणावं लागलं ना, असं मी पूर्वी म्हणायचो. आता नुसतं ‘ठेवा तिकडे’ म्हणतो. पेट्रोल टाकीत पडून राहिलं की दोन महिन्यांत उतरतं. हवेतलं पाणी ओढून घेतं, चिकट होतं आणि कार्बोरेटरच्या सुईएवढ्या भोकांत पिवळा डिंक होऊन बसतं. मग मी वाकून ती भोकं साफ करत बसतो. माझी पाठ गेली ती त्यातच.

पहिली रीत, भरून ठेवायची. ताजं पेट्रोल टाकीच्या गळ्यापर्यंत भरायचं, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. त्यात पेट्रोल टिकवणारं ॲडिटिव्ह घालायचं. बाटलीवर त्याचं लांबलचक नाव असतं, माझ्या दुकानात सगळे त्याला औषध म्हणतात. माप पाळायचं, जास्त घातल्याने जास्त टिकत नाही. आणि मग इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचं. हे सगळे विसरतात. औषध टाकीत ओतलं म्हणजे कार्बोरेटरात पोचलं असं नाही, तिथे जुनंच पेट्रोल ठाण मांडून बसलेलं असतं. ते जळून जायला दहा मिनिटं द्यावी लागतात. एवढं केलं की गाडी वर्षभर निवांत झोपते आणि तिसऱ्या किकला उठते.

दुसरी रीत, कोरडी. टाकी पूर्ण रिकामी करायची. उरल्यासुरल्या पेट्रोलवर इंजिन चालवून ते आपलं आपण बंद पडू द्यायचं. कार्बोरेटरच्या खालचा स्क्रू काढून शेवटचे थेंब सोडायचे. प्लग काढून त्या भोकात चमचाभर ऑइल घालायचं, दोनदा किक मारून ते आत फिरवायचं आणि प्लग परत लावायचा. अशी गाडी कितीही वर्षं ठेवा.

म्हणून गिऱ्हाइकाला मी एकच प्रश्न विचारतो, ‘परत कधी लागणार?’ वर्षाच्या आत लागणार असेल तर भरून, माहीत नसेल तर कोरडी. प्रश्न सोपा आहे, पण ‘माहीत नाही’ म्हणणं माणसाच्या जिवावर येतं. सगळे म्हणतात, ‘लागेलच हो लवकर.’ मग चार वर्षांनी तेच यंत्र डिंक भरून परत येतं आणि मालक माझ्याकडे असा बघतो, जणू मीच रात्री जाऊन त्यात डिंक ओतून आलो.

दादाला हा प्रश्न विचारायची वेळ आली नाही. उलट त्यानेच मला विचारलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पाणीखात्यात मीटर वाचायचा. सव्वीस वर्षं एकाच स्कूटरवर घरोघर फिरला. कुठल्या घरी मीटरला चुंबक लावलाय, कोणी काटा मागे फिरवलाय, हे त्याला फाटकातून कळायचं. लोक त्याला ‘चष्मा’ म्हणायचे, चष्मा नसतानाही. असा माणूस आजारी पडला, पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मला आणि वहिनींना बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं की सहा महिने, फार तर सात.

वहिनींनी माझी बाही धरली. ‘भाऊजी, यांना सांगायचं नाही.’

मी ‘बरं’ म्हटलं. एक शब्द. त्या एका शब्दाने मला पुढे किती राबवलं, ते मलाच माहीत.

खोटं बोलणं सोपं असतं असं म्हणणाऱ्यांनी ते सहा महिने रोज बोलून बघावं. त्याला खूप देखभाल लागते. आम्ही दादाला सांगितलं की आतड्याला सूज आहे, उपचार लांबणार आहेत, पण बरं होणार आहे. मग त्या सुजेला शोभतील असे कागद दाखवायचे आणि बाकीचे लपवायचे. भेटायला येणाऱ्यांना दाराबाहेर पढवून आत सोडायचं. वहिनी घरी कपडे दुरुस्तीचं काम करतात, उंची कमी करणं, कंबर आत घेणं, असलं. दादा वाळत चालला, तशा त्या दर पंधरवड्याला त्याच्या पँटी अर्धा अर्धा इंच आत घेऊ लागल्या. तो झोपला की पुढच्या खोलीत मशीनवर बसायच्या. त्याला पँट ढिली लागू नये म्हणून. आणि मी काय केलं? त्यांच्या घरातल्या वजनकाट्याचा खालचा स्क्रू फिरवला. आधी चार किलो, मग सात, मग अकरा. ज्याने सव्वीस वर्षं लोकांचे फिरवलेले मीटर पकडले, त्याच्या घरातला काटा मी फिरवला आणि त्याने तो पकडला नाही.

पकडला नाही असं मी म्हणतो. तेव्हा खात्री नव्हती.

त्याच सुमारास तो एकदा दुकानात आला. स्कूटरवर त्याचं ते शेवटचं येणं. पुढच्या आठवड्यात इंजेक्शनांचा नवा फेरा सुरू होणार होता आणि डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली होती. उतरल्यावर तो सीटला धरून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग स्टुलावर बसला.

‘छोट्या, दोन्ही रीती सांग बघू एकदा नीट.’

‘तुला पाठ आहेत.’

‘तरी सांग.’

मी सांगितल्या. गिऱ्हाइकाला सांगतो तशाच, हात कामात ठेवून. त्याने मान हलवत ऐकलं.

‘मग मी कुठली करू?’

माझ्या हातात कोणाच्या तरी पंपाचा कार्बोरेटर होता. त्यातलं एक भोक मी दोनदा साफ केलेलं होतं, ते तिसऱ्यांदा फुंकायला घेतलं. वर न बघता म्हणालो, ‘भरून ठेव. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. मग तूच चालवणार आहेस.’

‘चार?’

‘फार तर पाच.’

‘बरं,’ तो म्हणाला. साडेपाच लिटरला किती औषध ते विचारून घेतलं, आकडा तळहातावर लिहिला आणि बाटली घेऊन गेला.

त्यानंतर तीन दिवसांनी मी आणि वहिनी त्याला न नेता रिपोर्ट आणायला गेलो होतो. तो घरी एकटा होता. संध्याकाळी त्याचा फोन आला, ‘ठेवली रे गाडी. झालं काम.’ कशी ठेवलीस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. जिन्याखालच्या खोलीत जुन्या चादरीखाली गाडी उभी राहिली आणि खोलीला कुलूप लागलं. बरोबर चार महिन्यांनी दादा गेला.

तेव्हापासून सात महिने माझ्या डोक्यात एकच भुंगा. त्याने दोन्ही रीती का विचारल्या? ज्याला परत चालवायची आहे त्याने दुसरी रीत कशाला ऐकून घ्यावी? विचार करून करून मी थकलो. झोप पुरी होत नाही, भूक लागत नाही अशातला भाग नाही, सगळं होतं, पण सकाळी उठतानाच दिवस संपल्यासारखं वाटतं. दुकानात कोणी ‘काय म्हणताय?’ विचारलं तरी त्याचं उत्तर द्यायला अंगात त्राण नसतं.

मग वहिनींचा फोन आला. पुतणीला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती आणि तिला बाबांची स्कूटर न्यायची होती. रविवारी येणार होती. ‘तेवढी सुरू करून द्याल का?’ वहिनी म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी हत्यारांची पेटी आणि दोन कॅन घेऊन गेलो. एकात ताजं पेट्रोल, दुसरा रिकामा, जुनं काढून घ्यायला. मी कुठेही असेच दोन कॅन घेऊन जातो.

वहिनी मशीनवर बसल्या होत्या. कोणाचा तरी कोट होता. मला बघून उठल्या, किल्ली आणली, पण दिली नाही. हातातच धरून उभ्या राहिल्या.

‘भाऊजी, एक विचारू?’

‘विचारा की.’

‘यांना कळलं होतं का हो?’

हा प्रश्न त्यांनी आधी डॉक्टरांना विचारला होता, नर्सला विचारला होता, दादाच्या ऑफिसातल्या मित्राला विचारला होता. मला पहिल्यांदाच विचारत होत्या. मला कधीतरी विचारणार, हे मी धरून चाललो होतो आणि उत्तरही तयार ठेवलं होतं. ‘कसं सांगणार वहिनी,’ असं म्हणून सुटायचं. त्याऐवजी माझ्या तोंडून भलतंच निघालं.

‘गाडी उघडली की कळेल.’

‘म्हणजे?’

आता सुरुवात केलीच होती. मी त्यांना दोन्ही रीती सांगितल्या. भरलेली असेल तर तो परत चालवणार होता, कोरडी असेल तर त्याला ठाऊक होतं. गाडी दोन्ही रीतींनी सुरू होईल, तिचं काही नाही, पण टाकी उघडली की एका मिनिटात समजेल. बोलतानाच मला कळत होतं की हे सांगायची काही गरज नव्हती. पण धंद्याच्या गोष्टी सांगताना माझी जीभ आपोआप चालते, डोकं मागून येतं.

वहिनींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. ‘मी आत बसते. कळलं की हाक मारा,’ म्हणाल्या. मशीन परत सुरू झालं नाही.

जिन्याखालची खोली म्हणजे खोली कसली, वाकून आत जावं लागतं. चादर काढली. गाडी मधल्या स्टँडवर, पुढचं चाक सरळ, दोन्ही चाकांत हवा जरा जास्तच भरलेली, आरसे पुसलेले. हे दोन्ही रीतींत करतात, त्यावरून काही समजत नाही. मी टाकीचं झाकण फिरवलं. ते उघडायच्या आधी क्षणभर थांबलो आणि माझ्या लक्षात आलं की मला कुठलं उत्तर हवंय, ते मला पक्कं माहीत आहे. कोरडी असू दे. त्याला कळलेलं असू दे.

झाकण काढलं आणि पेट्रोल थेट गळ्याशी दिसलं.

वास आला, औषधाचा, जरासा गोडसर. बॅटरीच्या उजेडात बघितलं, रंग स्वच्छ. मनात म्हटलं, टाकी भरली असेल, पण दहा मिनिटं चालवली नसेल. कार्बोरेटरचा स्क्रू सैल करून चार थेंब काचेच्या बाटलीत घेतले. तेच पेट्रोल, तसंच स्वच्छ, तोच वास. प्लग काढला. कोरडा, ऑइलचा मागमूस नाही. म्हणजे त्याने माप घेऊन औषध घातलं होतं, आणि घड्याळ लावून दहा मिनिटं त्या बुटक्या जागेत एकटा बसून इंजिन चालू ठेवलं होतं. घरात कोणी नव्हतं. कोणाला दाखवायला म्हणून माणूस एकट्याने धुरात दहा मिनिटं बसत नाही. त्याला परत चालवायची होती. मी सांगितलं ते त्याला पटलं होतं. वजनकाट्यावर त्याचा विश्वास होता आणि माझ्यावरही.

मी पालथ्या बादलीवर बसलो. मला रडायला आलं. बावीस वर्षांत चांगली ठेवलेली गाडी बघून मला कधी रडू आलेलं नाही, उलट असं गिऱ्हाईक दिसलं की मी त्याला चहा पाजतो. अकरा महिन्यांचं पेट्रोल इतकं नीट राखलेलं मी क्वचित पाहिलंय. आम्ही त्याला इतकं व्यवस्थित फसवलं होतं.

आणि आता हे वहिनींना सांगायचं होतं. मला आठवलं, महिन्याभरापूर्वी त्या म्हणाल्या होत्या, ‘यांना कोणाशी काही बोलायचं राहिलं असेल. आपण बोलू दिलं नाही.’ तेच त्यांना खातंय, असं मी धरलं. दादाला कळलं नव्हतं हे सांगितलं, तर त्या खचतील. आपण त्याच्या तोंडचा निरोपसुद्धा काढून घेतला, असं मनाला लावून घेतील. आणि कळलं होतं असं सांगितलं तर? तर त्याने मनातल्या मनात का होईना, सगळ्यांचा निरोप घेतला असणार. तर त्या सुटतील. खरं सांगायचं तर त्यांच्याबरोबर मीही सुटेन.

एकदा हे डोक्यात आल्यावर मला उशीर लागला नाही. सहा महिने सराव होता. नळी घालून टाकीतलं सगळं पेट्रोल रिकाम्या कॅनमध्ये ओढलं. तळाशी राहिलेलं फडक्याने टिपून घेतलं. कार्बोरेटर पूर्ण सोडला, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबलो. प्लगच्या भोकात चमचाभर ऑइल घातलं, दोनदा किक मारली, प्लग हाताने लावून ठेवला. मुकाट्याने, नीट, ओळीने सगळं केलं. दुसऱ्याच्या गाडीवर इतकं नीट काम मी हल्ली करत नाही. खोटं बोलायचं ते पुऱ्या मापाने, ही सवय मला वजनकाट्यापासूनच लागली होती.

मग हाक मारली. ‘वहिनी.’

त्या आल्या. वाकून आत आल्या आणि जिन्याच्या खालच्या बाजूला हात टेकवून उभ्या राहिल्या. मी टाकीत बॅटरी मारून दाखवली. ‘बघा. एक थेंब नाही.’ प्लग काढून दाखवला, त्यावर ऑइल चमकत होतं. ‘हे बघा. चमचाभर ऑइल. कोरडी ठेवली होती दादाने.’

त्यांनी टाकीत नीट वाकून बघितलं. कपड्याचं माप घेताना बघतात तसं.

‘म्हणजे कळलं होतं.’

‘हो.’

‘कधीपासून?’

‘गाडी ठेवली त्या दिवसापासून तरी.’

त्या बोटांवर मोजायला लागल्या. ‘चार महिने.’

‘बरंच झालं ना वहिनी,’ मी बादलीवर बसल्या बसल्या ठरवून ठेवलेलं वाक्य म्हणालो. ‘त्याच्या मनाची तयारी झाली होती. आपण काही हिरावून घेतलं नाही त्याचं.’

‘बरं झालं?’

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खाली बसल्या, तिथेच, धुळीत, गाडीच्या चाकाशी.

‘मी पँटी आत घेत होते तेव्हा ते जागे असायचे तर,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं, गोळीने झोप लागलीये. डोळे मिटून पडून ते मशीन ऐकत असायचे. आणि सकाळी तीच पँट घालून मला म्हणायचे, बघ, कंबर होती तेवढीच आहे की नाही. मला म्हणायचे, भाऊजी. माझ्यासाठी म्हणायचे.’

‘वहिनी...’

‘हातभर अंतरावर झोपत होते मी. आणि ते सगळं एकटे घेऊन पडलेले. एक शब्द बोलले नाहीत. मला बरं वाटावं म्हणून काट्यावर उभं राहून हसायचे.’ त्यांचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. ‘सात महिने मी दुसरं काही मागितलं नाही हो. यांना कळलेलं नसू दे, एवढंच. जे मला त्यांना विचारायला जमलं नाही, ते प्रत्येकाला विचारत फिरले. कोणीतरी छातीठोक सांगावं की नाही, त्यांना काही माहीत नव्हतं, ते उद्याची वाट बघत गेले. मला त्यांनी बावळट समजावं, मला पाप लागावं, काही चालेल. फक्त ते एकटे पडलेले नसू देत.’

मी घाईघाईने बोलायला लागलो, म्हणजे आधी शब्दच सापडेनात, मग एकदम खूप सापडले.

‘वहिनी, ऐका. तसं नाहीये. टाकी भरलेली होती. गळ्यापर्यंत. मी आत्ता रिकामी केली. हे ऑइलसुद्धा मीच घातलं आत्ता. त्याला काही माहीत नव्हतं. शपथ घेतो. मला वाटलं तुम्हाला... मला वाटलं, कळलं होतं म्हटलं तर तुम्हाला बरं वाटेल.’

त्यांनी मान वर केली. ती नजर मला ओळखीची होती. हॉस्पिटलात दादाच्या खोलीतून बाहेर आल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे असंच बघायचो. चांगलं जमलं, असं सांगणारी नजर.

‘आता मला नका सांभाळू, भाऊजी.’

‘मी सांभाळत नाहीये! हा बघा कॅन, हे त्याचं पेट्रोल. वास घ्या, औषधाचा वास येतोय.’

‘दोन्ही कॅन तुम्हीच घेऊन आलात ना सकाळी? मी खिडकीतून पाहिलं. तुमच्या दुकानात सगळ्यालाच तो वास येतो.’

‘थांबा, दाखवतो.’ मी तो कॅन उचलला, अर्धा जमिनीवर सांडत टाकीत ओतला, प्लग लावला, गाडी बाहेर अंगणात काढली आणि किक मारायला लागलो. एक. दोन. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं. ‘बघा! अकरा महिन्यांचं पेट्रोल आहे हे. त्याने औषध घातलं म्हणून टिकलंय. नाहीतर असं सुरू झालं असतं का?’

‘तुम्ही हात लावलेली गाडी सुरू होतेच,’ वहिनी दारातून म्हणाल्या.

मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट आला. त्या धुराकडे त्यांनी बोट दाखवलं. ‘ऑइल जळतंय ना ते? तुम्हीच सांगितलंत, कोरडी ठेवताना चमचाभर घालतात म्हणून.’

मी घातलंय ते, मी ओरडलो. इंजिनाच्या आवाजात ओरडावं लागलं. मी घातलंय, त्याने नाही. पण ओरडताना माझाच आवाज मला ऐकू येत होता आणि तो काही वेगळा नव्हता. ‘सूज उतरलीये दादा, डॉक्टर खूश आहेत,’ हे मी ज्या आवाजात म्हणायचो, त्याच आवाजात मी खरं बोलत होतो. माझ्याकडे दुसरा आवाज उरलाच नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता.

मी इंजिन बंद केलं. धूर बराच वेळ अंगणात रेंगाळला. वहिनींनी पदराने नाक दाबलं, मग तोंड पुसलं. एवढ्या वेळात त्या दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसल्या, आणि ते माझ्या हातून झालं होतं. मी हत्यारं पेटीत टाकायला लागलो. कुठलंही हत्यार कुठेही.

‘गाडी न्यायला चालेल ना रविवारी?’ त्यांनी विचारलं.

‘चालेल. ब्रेक एकदा बघून देतो शनिवारी.’

‘बरं.’ त्या आत जायला वळल्या आणि उंबऱ्याशी थांबल्या. ‘ती विचारेल तुम्हाला. मला दोनदा विचारून झालंय तिचं, बाबांना माहीत होतं का म्हणून. मला तिच्यासमोर जमणार नाही आता. तुम्ही सांगाल?’

‘काय सांगू?’

‘सांगा, टाकी भरलेली होती. बाबांना काही कळलं नव्हतं. परत चालवणार होते.’

मी हातातला पाना पेटीत टाकला.

‘एवढं करा माझ्यासाठी,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुम्हाला जमतं ते.’

मी ‘बरं’ म्हटलं.